आधी गोळ्यांची पाकिटं दाखवा, मग एमआरआय

वाचकांचे प्रश्न : हार्मोन आणि पिट्युटरीचे विकार

मागच्या अंकात मेंदूच्या तळाशी बसून हार्मोन सोडणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीवर लेख आला आणि पत्रांचा, मेलचा ढीग पडला. निम्म्या मेलमध्ये प्रश्नच नाही, नुसते रिपोर्टचे फोटो. कोणाचे, वय काय, त्रास काय, काही पत्ता नाही. मला आकड्याच्या आधी माणूस कळायला हवा. तेव्हा दोन-चार ओळी लिहा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा. 'ती काय, नेहमीचीच' म्हणून सोडून दिलेली गोळीसुद्धा. पत्रांमधले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझं वय २७, लग्नाला दोन वर्षं झाली. काही महिन्यांपासून पाळी लांबते आणि दाबलं की छातीतून दुधासारखा स्राव येतो. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) ८६ आलं. एमआरआयमध्ये पिट्युटरीत ४ मिलिमीटरची गाठ दिसते आहे. सासूबाई म्हणतात, मेंदूचं ऑपरेशन करायचंच असेल तर मुंबईला जाऊ. आम्हाला मूल हवं आहे. बाकी तब्येत उत्तम, फक्त ॲसिडिटीची गोळी वर्षभर रोज घेते. — एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मुंबईची तिकिटं राहू द्या, आधी त्या गोळीचं पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल एवढंच असेल तर प्रश्न वेगळा. पण त्याच्या जोडीला डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असेल (नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' असतं ते बहुधा डोम्पेरिडोन), तर चोर घरातच सापडला असं समजायला हरकत नाही.

पिट्युटरीचे बाकीचे हार्मोन मेंदूने हुकूम दिला की सुटतात. प्रोलॅक्टिनचं उलटं आहे. ते सुटायला टपलेलंच असतं, मेंदू डोपामिन नावाचं रसायन पाठवून त्याला सतत दाबून धरतो. ही दोन्ही औषधं डोपामिनचाच रस्ता अडवतात. मग प्रोलॅक्टिन वाढतं, दूध येतं, पाळी बिघडते. डोम्पेरिडोनचा हा गुण इतका पक्का आहे की नव्या आईला दूध कमी पडलं तर काही डॉक्टर तीच गोळी देतात. या गोळ्यांवर प्रोलॅक्टिन शंभरच्या वरही जातं, ८६ ला दचकायचं कारण नाही. पुण्यात मिसळ खाऊन झाल्यावर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतात आणि विचारलं की उत्तर येतं, 'नाही हो, औषध काहीच नाही.'

डॉक्टरांना विचारून ती गोळी बंद करा आणि किमान तीन दिवसांनी तपासणी पुन्हा करा. लेव्होसल्पिराइडचा असर पुरता उतरायला कधी जास्त दिवस लागतात. रक्त द्यायला धावतपळत जाऊ नका, पंधरा-वीस मिनिटं शांत बसा. सुई टोचायच्या धास्तीनेही प्रोलॅक्टिन थोडं वाढतं. मात्र हा सल्ला पोटाच्या गोळ्यांपुरता आहे. रिस्पेरिडोन, अमिसल्पिराइड यांसारखी मानसिक आजारावरची औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात, पण ती स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवायची नाहीत.

आणखी दोन तपासण्या राहिलेल्या दिसतात. एक गरोदरपणाची. पाळी लांबलेल्या बाईची ही सगळ्यात स्वस्त तपासणी आणि नेमकी तीच विसरली जाते. दुसरी थायरॉइडची, टीएसएच. थायरॉइड फार मंदावलं तर प्रोलॅक्टिन तर वाढतंच, शिवाय पिट्युटरी फुगून एमआरआयवर चक्क गाठीसारखी दिसते. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी आहेत : ऑपरेशनचा बेत ठरलेला, आणि कोणीतरी टीएसएच बघितलं तर ते शंभरच्या पुढे. थायरॉक्सिनच्या साध्या गोळीवर काही महिन्यांत 'गाठ' नाहीशी झाली.

राहिला तो ४ मिलिमीटरचा ठिपका. वेगळ्याच कारणाने दगावलेल्या माणसांच्या शवविच्छेदनात दहातल्या एकाच्या आसपास लोकांच्या पिट्युटरीत अशी बारीक गाठ सापडते. त्यांना जन्मभर तिचा पत्ता नसतो. म्हणून मी म्हणते, एमआरआय शेवटी. तो आधी झाला की आयुष्यभराची धास्ती फुकट पदरात पडते, म्हणजे काही हजार रुपये मोजून.

आणि गोळी थांबवूनही प्रोलॅक्टिन वाढलेलंच राहिलं, गाठ खरोखर प्रोलॅक्टिनची निघाली, तरी ऑपरेशन हा पहिला उपाय नाही. कॅबरगोलिनची गोळी आठवड्यातून एकदा किंवा दोनदा घ्यायची, बहुतेकींची पाळी काही महिन्यांत रुळावर येते. औषध चालू असताना पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात, हे लक्षात असू द्या. दिवस राहिले की एवढ्या लहान गाठीत गोळी साधारणपणे थांबवतात.

(डॉक्टर वाचकांसाठी कंसातली गोष्ट : गाठ ३ सेंटिमीटरची आणि प्रोलॅक्टिन जेमतेम दीडशे असं दिसलं तर लॅबला नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगा. प्रोलॅक्टिन प्रचंड असलं की तपासणीची रसायनं त्यातच बुडून जातात आणि आकडा खोटा कमी येतो. तिथे सर्जनला बोलवायच्या आधी हे करायचं.)

प्रश्न : माझ्या आईचं वय ४६. धाकट्या भावाच्या वेळी घरीच बाळंतपण झालं, अंगावरून खूप गेलं, दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेऊन रक्त चढवलं. त्याला आता १९ वर्षं झाली. तेव्हापासून आई कधी पूर्वीसारखी झाली नाही. सतत थकवा, चैत्रातही अंगावर शाल. जुलाब-उलट्या झाल्या की ग्लानी येते, ॲडमिट करावं लागतं, मागच्या वेळी सोडियम ११२ होतं. सलाईन लावलं की उठून बसते. थायरॉइड नॉर्मल आहे (टीएसएच २.८). आता डिप्रेशनच्या गोळ्या चालू केल्या आहेत. घरात सगळे म्हणतात, आळशी झाली. हा मनाचाच आजार आहे का? — एक मुलगी, सासवड परिसर

उत्तर : आईला तीन गोष्टी विचार आणि मला कळव, असं मी तुला लिहिलं होतं. तुझं उत्तर आलं : भावाला अंगावरचं दूध मिळालंच नाही, पहिल्यापासून वरचं दूध. त्यानंतर पाळी परत आलीच नाही. काखेतले केस गेले ते गेलेच. हे वाचल्यावर मला फारशी शंका उरली नाही. तुझी आई आळशी नाही. मनाचा आजार असलाच तर तो मागाहून आलेला असेल. तिची पिट्युटरी बहुधा त्या बाळंतपणाच्या रात्रीच निकामी झाली.

गरोदरपणात ही वाटाण्याएवढी ग्रंथी बरीच मोठी होते, दुधाची तयारी करायची असते म्हणून. पण तिचा रक्तपुरवठा त्या मानाने बेताचाच राहतो. अशा वेळी खूप रक्त गेलं, ब्लडप्रेशर कोसळलं, की ग्रंथीचा मोठा भाग रक्ताविना मरतो. ग्लासगोच्या हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली, बाळंतपणातल्या रक्तस्रावाने दगावलेल्या बायकांची शवविच्छेदनं करून हे मांडलं. म्हणून याला शीहान सिंड्रोम म्हणतात. जिथे रक्तस्राव वेळेवर थांबवला जातो आणि रक्त हाताशी असतं, त्या देशांत हा आजार आता क्वचित दिसतो. आपल्याकडे तसं नाही. काश्मीर खोऱ्यातल्या पाहणीचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपण झालेल्या, विशीच्या पुढच्या बायकांत सुमारे ३ टक्के जणींना हा आजार असावा असा तो अंदाज, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची बाळंतपणं घरी झालेली होती. माझ्याकडे पुरंदर, भोर, वेल्हे या बाजूने येणाऱ्या बायकांची कहाणी तुझ्या आईपेक्षा फार वेगळी नसते. आजार बाळंतपणातला आणि निदान मुलगा मिसरूड फुटायच्या वयाचा झाल्यावर. दूध आलं नाही तर 'नशीब', पाळी गेली तर 'लवकर सुटली बाई', थकवा आला तर 'वय झालं'. प्रत्येक लक्षणाला घरात उत्तर तयार असतं, त्यामुळे डॉक्टरपर्यंत काही पोचतच नाही.

आता ते 'थायरॉइड नॉर्मल'. टीएसएच थायरॉइडमध्ये नाही, पिट्युटरीत तयार होतं. थायरॉइड मंदावलं की पिट्युटरी टीएसएच वाढवून त्याला ढोसते, म्हणून एरवी एका टीएसएचवर काम भागतं. पण ढोसणारीच पडली असेल तर थायरॉइड मंद असूनही टीएसएच २.८ येऊ शकतं. फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, मोजून घे. कमी निघेल असा माझा अंदाज आहे.

त्याहून महत्त्वाचं कॉर्टिसोल, म्हणजे पिट्युटरीच्या हुकमाने शरीरात तयार होणारं स्टेरॉइड. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला रक्त द्यायचं. ३ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आलं तर निदान जवळपास पक्कं, १५ च्या वर आलं तर या बाजूची काळजी बहुतेक मिटली, मधलं काही आलं तर इंजेक्शन देऊन पुढची तपासणी करतात. कॉर्टिसोल नसलं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम उतरतं. सलाईनने तेवढ्यापुरतं निभावतं, पुढच्या जुलाबाला पुन्हा तेच. सोडियम का उतरलं, हे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं गेलं नाही याचा मला राग येतो. लिहिणं भाग आहे म्हणून लिहिते.

उपचारात एक क्रम चुकवायचा नाही. आधी स्टेरॉइड (हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन), मग थायरॉक्सिन. कोणी टी-४ कमी बघून उत्साहाने आधी थायरॉइडची गोळी दिली तर शरीराची कॉर्टिसोलची गरज वाढते, आणि ते तर शिल्लकच नसतं. माणूस कोसळतो. स्टेरॉइड सुरू झालं की साठलेलं पाणी भराभर लघवीवाटे जातं आणि सोडियम झपाट्याने चढतं. ते फार वेगाने चढणंही मेंदूला धोक्याचं, म्हणून ११२ सारख्या आकड्यावर पहिले काही दिवस रुग्णालयातच काढावे लागतात. सुरुवात घरी करू नका.

स्टेरॉइड म्हटलं की लोक हात आखडतात. चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, हे खरं आहे, पण ते जास्त डोसचं. आईला आपण शरीराला रोज लागतं तेवढंच देणार. ते जन्मभर घ्यायचं. गोळ्या महाग नाहीत.

तू लिहिलं आहेस की आई दर वर्षी पालखीबरोबर चार टप्पे तरी चालते. खुशाल चालू दे, पण गोळ्या कनवटीला हव्यात आणि एक चिठ्ठी : 'स्टेरॉइडवर अवलंबून रुग्ण, उलट्या होत असल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम इंजेक्शन ताबडतोब.' मराठीतही लिही, इंग्रजीतही. ताप आला तर डोस दुप्पट, बरं वाटलं की पुन्हा नेहमीचा. उलटीमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर वाट बघायची नाही, इंजेक्शन. आणि एकादशीला पाण्याबरोबर गोळी घेतली तर उपास मोडत नाही, हे आईला माझ्या नावावर सांग. विठोबाशी मी बोलून घेईन.

एमआरआय करायला सांगतील, तिथे ग्रंथीची जागा रिकामी दिसेल. तो अहवाल वाचून 'मेंदूत काहीतरी नाही' म्हणून रडारड नको. जे नाही ते १९ वर्षांपासून नाही. डिप्रेशनच्या गोळ्या मात्र अचानक थांबवू नका, हार्मोन भरून निघाल्यावर त्या डॉक्टरांशीच बोलून ठरवा.

प्रश्न : मिस्टरांचं वय ४३, भोसरीला लेथचं वर्कशॉप आहे. दोन गोळ्यांवरही साखर २२०. घोरणं इतकं की मुलं दुसऱ्या खोलीत झोपतात. लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. बूट आठ नंबरचा होता, आता दहा. हात रात्री बधिर होतात. ते म्हणतात वजन वाढलं म्हणून, पण वजन फारसं वाढलेलं नाही. हेल्मेटही घट्ट होतं म्हणून घालत नाहीत. — एक गृहिणी, भोसरी

उत्तर : हेल्मेट न घालायला पुणेकर जी कारणं देतात त्यांतलं हे एकच मी मान्य करेन. चाळिशीत बूट दोन नंबरने वाढत नाही. लग्नाचा अल्बम काढा आणि आजचा फोटो शेजारी ठेवा. नाक, ओठ रुंद झालेत का? भुवयांवरचं हाड पुढे आलंय? जबडा वाढून दातांत फटी पडल्यात? रोज बघणाऱ्याला हे दिसत नाही, इतकं ते हळू घडतं. सात-आठ वर्षांनी भेटलेला मामेभाऊ दारातच विचारतो, 'अरे, तुझा चेहरा असा का झाला?'

माझा संशय ॲक्रोमेगालीवर आहे : पिट्युटरीतली गाठ ग्रोथ हार्मोन जास्त सोडते. पॅरिसच्या पियर मारी यांनी १८८६ साली या आजाराला नाव दिलं. वाढीच्या वयात हा झाला तर माणूस ताडमाड होतो, उंची थांबल्यावर झाला तर हात, पाय, चेहरा रुंदावतो. साखर, घोरणं, हात बधिर होणं ही सगळी याचीच पिलावळ असू शकते, आणि तुमचे मिस्टर बहुधा तिन्हींसाठी तीन वेगळ्या डॉक्टरांकडे जात असतील.

आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या हुकमाने तयार होणारा पदार्थ) ही रक्ततपासणी करा. उपाशीपोटी जायची गरज नाही. नुसतं ग्रोथ हार्मोन एकदा मोजून काही कळत नाही, ते तासातासाला बदलतं. साखर फार चढलेली असली की आयजीएफ-१ खोटं कमी येऊ शकतं, म्हणून नॉर्मल आलं तरी मला कळवा. वाढलेलं आलं तर एमआरआय आणि नजरेच्या कडांची तपासणी. गाठ वर सरकून डोळ्यांच्या शिरांवर दाब देते, तेव्हा आधी बाजूचं दिसेनासं होतं. लेथवर काम करणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही.

कोथरूडच्या ताईंना मी ऑपरेशन नको म्हटलं, इथे उलट आहे. या गाठीत शस्त्रक्रिया पहिली, तीही कवटी न उघडता नाकातून. गाठ लहान असेल तर बरं होण्याची शक्यता चांगली. मोठी असेल, बाजूच्या रक्तवाहिनीभोवती पसरली असेल, तर उरलेल्या भागासाठी महिन्याला एक इंजेक्शन घ्यावं लागतं आणि ते खिशाला जड आहे. असं ऑपरेशन सतत करणाऱ्या सर्जनकडेच जा. भूलतज्ज्ञांना निदान आधी सांगा. जीभ आणि घसा वाढलेला असतो, नळी घालताना त्यांची कसोटी लागते.

या आजाराच्या संशोधनातली एक गोष्ट मला कधीची सांगायची होती. 'आयरिश राक्षस' म्हणून लंडनमध्ये तिकीट लावून दाखवला जाणारा चार्ल्स बर्न १७८३ साली वयाच्या २२ व्या वर्षी गेला. उंची २ मीटर ३१ सेंटिमीटर. सर्जन आपल्या देहावर टपलेत हे त्याला ठाऊक होतं, म्हणून समुद्रात दफन करा असं तो सांगून ठेवून गेला. तरीही सर्जन जॉन हंटर यांनी तो देह मिळवलाच आणि सांगाडा संग्रहालयात लागला. १९०९ साली अमेरिकेचे मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी कवटी पाहिली तर पिट्युटरीची खोबण मोठी झालेली. २०११ मध्ये त्याच्या दातांतल्या डीएनएमध्ये एआयपी या जनुकातला दोष सापडला. उत्तर आयर्लंडमधल्या आजच्या काही कुटुंबांतही तोच दोष आहे, म्हणजे त्यांचा पूर्वज एकच. त्यामुळे त्या घरांतल्या मुलांची तपासणी वेळेवर करता येऊ लागली. संशोधन मोलाचं, यात वाद नाही. पण सांगाडा मांडणीतून हटवायला २०२३ उजाडावं लागलं, आणि समुद्रात तो अजूनही गेलेला नाही.

तुमच्या मिस्टरांच्या घराण्यात कोणी फार उंच, किंवा कोणाचं पिट्युटरीचं ऑपरेशन झालेलं असेल तर तेही लिहा.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, उंची १४६ सेंटिमीटर. मित्र सगळे १६० च्या पुढे. माझी १६५, पत्नीची १५२. आवाज अजून फुटलेला नाही. तो सहा फूट व्हावा अशी आमची अपेक्षा आहे. जिममधल्या ट्रेनरने हाइट वाढायचं इंजेक्शन सुचवलं आहे. — एक वडील, हडपसर

उत्तर : ट्रेनरला दंड-बैठकांपुरतंच ठेवा. आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करा, मुलगा असेल तर १३ मिळवा, दोनाने भागा. तुमचं उत्तर १६५ येतं. सहा फुटांची अपेक्षा कुठून आली? भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते २०१५ साली भारतीय बालरोग अकादमीने नव्याने काढले. त्या कामात पुण्याच्याच डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. त्या तक्त्यात तुमचा मुलगा पट्ट्याच्या आत बसतो. आवाज फुटलेला नाही असं तुम्ही लिहिता, म्हणजे त्याची मोठी वाढ अजून व्हायची आहे. शाळेच्या जुन्या नोंदी काढा. वर्षाला ४ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल तर डाव्या मनगटाचा एक्स-रे आणि रक्ताच्या साध्या तपासण्या घेऊन बालहार्मोनतज्ज्ञांकडे जा. ग्रोथ हार्मोन ज्याच्यात कमी आहे त्याला ते इंजेक्शन वरदान आहे, बाकीच्यांना नाही. पूर्वी ते मृतांच्या पिट्युटरीतून काढत. त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा आजार झाला, तेव्हा १९८५ साली ते थांबलं. आताचं प्रयोगशाळेत तयार होतं, ती भीती नाही, पण म्हणून ते टॉनिक होत नाही.

प्रश्न : टीएसएच ०.०५, टी-४ वाढलेलं. मला धडधड, घाम, वजन कमी होणं, काहीच नाही. केसांसाठी बायोटिन चालू आहे. — एक वाचक, औंध

उत्तर : काही लॅबच्या तपासणीपद्धतीत बायोटिनच लुडबुड करतं आणि थायरॉइड जोरात चालल्यासारखा खोटा रिपोर्ट येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. केसांच्या गोळीत ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं, शरीराची रोजची गरज त्याच्या शेकडो पटींनी कमी. गोळी तीन दिवस बंद ठेवा, लॅबला तसं सांगा आणि तपासणी पुन्हा करा. तोवर थायरॉइड कमी करायचं औषध कोणी लिहून दिलं असेल तर सुरू करायच्या आधी त्या डॉक्टरांना या गोळीचं पाकीट दाखवा.